जादूघरातली काळी गोटी

नळदुर्गात त्या दगडी इमारतीला फ्रीमेसन बंधुमंडळाची लॉज असं कुणी म्हणत नाही. जादूघर म्हणतात. दारावर गुण्या आणि कंपास कोरलेला, खिडक्या माणसाच्या डोक्यापेक्षा उंच, आणि बैठक असली की त्याही बंद. निजामाच्या अमदानीत एका वकिलानं, एका जिनिंगवाल्यानं आणि एका तहसीलदारानं मिळून ती उभी केली. आत काय चालतं ते आतल्यांनी बाहेर सांगायचं नाही, म्हणून बाहेरच्यांनी मनाला येईल ते रचलं.

रझाकारीच्या दिवसांत हिंदूंची बायका-पोरं इथं दडली होती आणि पोलीस ॲक्शनच्या दिवसांत मुसलमानांची. जमीन तीच, काळ्या-पांढऱ्या चौकटींची. दुष्काळात मागच्या आडाचं पाणी सगळ्या पेठेला खुलं असायचं. आता ओसरीवर डोळ्यांचा फुकट दवाखाना चालतो. अणदूरपासून जळकोटापर्यंतची म्हातारी माणसं पदरानं डोळे पुसत येतात नि चष्मा लावून, हरभऱ्याची फुलं दिसायली म्हणत जातात.

पण सातजणांशिवाय लॉज चालत नाही, आणि उरले होते सहा. आजची बैठक सोलापूरचा एक पाहुणा सभासद बसवून भरवली होती. त्याला मत नव्हतं. या महिन्यात सातवा मिळाला नाही तर सनद परत जाणार, इमारत विकली जाणार आणि दवाखान्याला कुलूप लागणार.

सातवा व्हायला एकच जण आला होता. उत्तरेश्वर. हायवेला त्याचं पाइपांचं दुकान. लॉजमध्ये कुणी कुणाला बोलावत नाही, ज्याला यायचं त्यानं स्वतः मागणं करायचं. त्यानं ते केलं, कारण त्याच्या आईला, उमादेवीला, इथंच दिसायला लागलं होतं.

हाच उत्तरेश्वर तरुणपणी जमाव घेऊन या दारावर आला होता. जादूघरात पोर पुरलंय अशी आवई उठली होती. त्या दिवशी दारावर, आजच्या सहांतल्या समदचे अब्बा होते, खाजामियाँ. बैठक चालू असताना दारावर एकानं नागवी तलवार घेऊन उभं राहायचं, अशी इथली रीत. खाजामियाँनी तलवार म्यान केली आणि हात जोडले. उत्तरेश्वरचा दगड गुडघ्यावर बसला. मरेपर्यंत ते फरपटत चालले, पण दगड कुणाचा हे पोलिसांना त्यांनी सांगितलं नाही.

आज सकाळी समद घरातून निघताना शरिफाबी, त्याची आई, एवढंच बोलली होती, की तुझ्या अब्बांनी ज्याला सोडलं त्याला तू धरू नकोस. तेव्हाच त्याचं मन ठरलं होतं.

बाहेर दुपारचं ऊन कढत होतं आणि आत तीन मेणबत्त्यांचा उजेड. पेटी फिरवायचं काम समदकडं होतं. पेटीवर वाटीत काळ्या-पांढऱ्या गोट्या मिसळलेल्या. ज्यानं त्यानं एक उचलायची, मुठीत झाकायची, भोकातून आत सोडायची. पेटी धरणाऱ्यानं मान फिरवायची. पांढरी म्हणजे या, काळी म्हणजे नको. एक काळी निघाली तरी माणूस परत. आणि आपण कोणती टाकली हे कुणीही, कधीही, कुणाला सांगायचं नाही.

समद सगळ्यांपुढून फिरला, शेवटी आपली पांढरी टाकली आणि पेटी अध्यक्षांपुढं ठेवली.

अध्यक्ष शिवानंद वकिलांनी पेटीचा खण ओढला. पाच पांढऱ्या. एक काळी.

मग एकेक मान वळली, आणि सगळ्या समदकडं वळल्या.

त्याच्या कानाच्या पाळ्या तापल्या. मी नव्हे, एवढे दोन शब्द जिभेवर आले आणि दातांत अडकले. ते बोलला असता तर शपथ मोडली असती. न बोलता उभा राहिला तर बापाचा सूड घेणारा ठरत होता.

शिवानंदांनी घसा साफ केला. एकच काळी असली तर हातून चूक झाली असं धरून एकदा फेर घ्यायचा नियम आहे, असं ते म्हणाले. बोलताना नजर मात्र समदवरच होती.

पेटी पुन्हा फिरली. दवाखाना बघणाऱ्या डॉक्टर कृष्णराजनं गोटी टाकली आणि हळूच म्हणाला, "समदभाई, म्हाताऱ्यांचा तरी विचार करा."

समदनं मान फिरवलेलीच ठेवली. छातीत जाळ उठला. एवढं तुम्हाला वाटतंच आहे, तर घ्या, टाकतो काळी. बापाचा पाय मोडला माझ्या, आणि समजूत काढायची ती पण माझीच? त्याची बोटं पेटीच्या कडेवर पांढरी पडली.

पुढं बलभीमराव बसले होते. नव्वदीला टेकलेले, बक्कळ शेतीचे धनी. दवाखान्याच्या रांगेवर देखरेख त्यांचीच. त्यांचा हात वाटीत गेला आणि बाहेर येईना. बोटं गोट्यांवरून फिरत राहिली, अंधारात उंबरा चाचपडावा तशी. मग ओठ न हलवल्यासारखं त्यांनी विचारलं,

"समद, ह्यातली पांढरी कुठली रं? मला दिसंना झालंय."

समदनं मान वळवली. रीत मोडून पाहिलं. म्हाताऱ्याच्या दोन्ही बुबुळांवर मोतीबिंदूची साय धरली होती. रांगेतल्या लोकांना दटावणारा हा माणूस स्वतः त्या रांगेत बसायला लाजला होता. मघाशी हाताला लागली ती गोटी त्यानं टाकली होती, आणि ती काळी निघाली होती.

आता एकदा मोठ्यानं बोललं की झालं. बलभीमआबा, ती काळी हाय. सगळ्यांनी ऐकलं असतं, समद सुटला असता, आणि या म्हाताऱ्याची मान या खोलीत पुन्हा वर झाली नसती.

मागून शिवानंदांनी विचारलं, का थांबलात.

"मेण सांडलंय, पुसायलोय," समद म्हणाला. आणि वाटीतली एक पांढरी उचलून त्यानं आबांच्या तळहातावर ठेवली, बोटं मिटवली.

मग स्वतःची गोटी उचलली. ती पांढरी आहे हे बघायला त्याला थोडा वेळ लागला, कारण डोळे भरले होते.

सहाही पांढऱ्या.

कुणाचा तरी श्वास सुटला. शिवानंद उठून आले आणि समदच्या खांद्यावर हात ठेवला. "मन मोठं केलंस बाबा. खाजामियाँचा ल्योक शोभलास."

आबा मांडीकडं बघत होते. त्यांचा हात उपरण्याच्या टोकाला पीळ घालत होता.

"जी," समद म्हणाला.

उत्तरेश्वरला आणायला तोच बाहेर गेला. ओसरीवरच्या बाकावर उत्तरेश्वर घामानं चिंब बसला होता. उशीर झाला त्यावरून, आत कुणीतरी नको म्हटलंय, हे त्यानं ओळखलं होतं.

"तुमीच आडवलं असंल मला. आडवा. हक्क हाय तुमचा, म्या राग धरणार न्हाय."

याला तरी सांगावं, असं समदला वाटलं. पण ते याच्याही कानावर घालायचं नव्हतं.

"उठा, आत बोलावलंय," तो म्हणाला. "पयल्यांदा येणाऱ्याचे डोळे बांधतेत हितं. भिऊ नका."

उत्तरेश्वरनं मान खाली केली. समदनं पट्टी बांधली, गाठ केसांत अडकली ती सोडवून पुन्हा मारली. मग त्याचा उजवा हात हातात घेतला.

"पायरी हाय," समद म्हणाला. "माझ्या मागं या."