व्हॅनिलाचं आठवं फूल

डोमाजीच्या हातांना काय झालंय हे बालाघाटात दोघांनाच ठाऊक होतं, एक डॉक्टर आणि दुसरा तो स्वतः. सरकारी रेस्ट हाउसच्या बागेत बत्तीस वर्षं ज्या हातांनी कलमं बांधली, ते आता सारखे थरथरत. औषधानं जरा लांबेल, पण जाणार नाही, असं डॉक्टरनं सांगितलं होतं. घरात तो दोन्ही हात काखेत खुपसून बसायचा. बायकोनं, शेवंताबाईनं विचारलं की म्हणायचा, "म्हातारपण आहे, दुसरं काय!"

आणि अशा माणसानं लावलं काय, तर व्हॅनिला! हौ, तीच, आइस्क्रीमवाली. केरळहून आणलेली वेलाची कांडी त्यानं परसातल्या मुनग्यावर, म्हणजे शेवग्याच्या झाडावर, चढवली. वर हिरवी जाळी, खाली ओली पोती, उन्हाळ्यात दिवसातून चारदा पाणी. वॉर्डातले लोक हसले, "डोमाजी, इथं धान पिकते, धान!" चार वर्षं जीव ओतला, तेव्हा कुठं यंदा आठ कळ्यांचा एक घोस आला. पुढच्या वर्षी साधी सुतळीही बांधता येणार नव्हती. एक शेंग, फक्त एक शेंग यंदाच धरवायची, एवढंच त्याला हवं होतं.

पण या व्हॅनिलाबाईचे नखरे काय सांगावे! रोज एकच फूल उमलणार, सकाळी, आणि दुपारी मरणार. तेवढ्या वेळात माणसानं काडीनं फुलाच्या आतला पडदा उचलायचा आणि पराग बोटानं दाबून बसवायचा. इकडची एकही माशी ते काम करत नाही. डोमाजीनं सात सकाळी करून पाहिलं. कधी काडी आरपार गेली, कधी परागच मातीत पडला. सातवं फूल फाटलं तेव्हा तो मुनग्याला डोकं टेकून रडला. घरात मात्र रोज तीच थाप, "धरली शेंग. फूल काय, ते तर दुपारी गळतेच." काहून मारावी अशी थाप? लाज वाटत होती, बापा, लाज!

शेवटचं फूल बुद्धपौर्णिमेला उमललं. डोमाजी उठला आणि तडक दुलीचंद घड्याळवाल्याच्या घरी गेला. बारीक स्क्रू पकडणारी बोटं होती त्याची. डॉक्टर सोडला तर डोमाजीनं पहिल्यांदाच कुणापुढे हात उघडे केले.

"पाहा भैया. माझ्यानं नाही होत आता. तू चल."

"चलो, अभी चलते हैं," दुलीचंद म्हणाला आणि चिमटा खिशात टाकून निघाला.

परत आले तेव्हा वेलावर नुसता देठ होता. डोमाजी धावतच घरात शिरला. पांढरं लुगडं नेसून शेवंताबाई वंदनेला बसली होती, आणि बुद्धाच्या मूर्तीपुढे तबकात ते पिवळसर फूल.

"काहून तोडलं?" डोमाजी ओरडला. "अवं, काहून तोडलं तू ते?"

शेवंताबाई दचकली. "सणाले फूल नाही लागत का? तुमीच त म्हणता, शेंग धरते न फूल गळून जाते. म्हटलं, तुमचं काम आटोपलं असन, मातीत पडण्यापरीस बुद्धाले वाहू."

दुलीचंदनं तोडलेलं फूल पाहिलं आणि चप्पल घालून निघून गेला. मग डोमाजीनं सगळं ओकून टाकलं. डॉक्टर, सात फुलं, सात थापा, सगळं. शेवंताबाईनं त्याचे हात आपल्या हातांत घट्ट धरले, तरी ते थरथरतच राहिले.

"आन मले नाही सांगितलं?" ती म्हणाली. "लगनाच्या आधीपासून बिड्या बांधते मी. रोज हजार. डोळे मिटून धागा गुंडाळते. काडीनं पडदाच उचलायचा होता ना, जी?"

डोमाजीनं तिच्या बोटांकडे पाहिलं. चार वर्षं त्यानं तिला त्या वेलाला हात लावू दिला नव्हता.

"हौ," तो म्हणाला. "तेवढंच होतं."