खोललेली गाडी

दरीतली कोळशाची खाण बंद झाली तेव्हा हातात आलेल्या पैशांतून शहाण्या माणसांनी छपरं नवी केली, घरावरचं कर्ज फेडलं. ग्विलिम प्रॉसरने लाल गोल्फ जीटीआय गाडी आणली. तीही सेकंडहँड! त्याची सासू कितीतरी दिवस त्याच्याशी बोलली नाही, आणि बोलली तेव्हा जे काही बोलली ते ऐकून गप्प होती तेच बरं होतं असं सगळ्यांना वाटलं. एर्वेनला मात्र, खरं सांगायचं तर, नवऱ्याचा राग आला तेवढंच हसूही आलं होतं. पावाच्या डब्याएवढी ती गाडी, पण पाय दाबला की पाठ सीटला चिकटायची. रविवारी दोघं बुल्खच्या घाटात जायची, रस्त्यात ठाण मांडून बसलेल्या मेंढ्यांना शिव्या घालायची, आणि वर आइस्क्रीमची व्हॅन उभी असते तिथे पावसात काचा बंद करून आइस्क्रीम खायची. एवढंच. पण त्या वर्षांत दरीतल्या कितीजणांच्या वाट्याला एवढंही नव्हतं.

मग नेरिस झाली, ग्विलिम बसवर ड्रायव्हर म्हणून लागला, गाडीला गंज लागला आणि ती मागच्या गल्लीतल्या गॅरेजमध्ये ताडपत्रीखाली जाऊन बसली. ‘रिटायर झालो की उभी करतो,’ असं ग्विलिम म्हणायचा. आणि गडी खरंच रिटायर झाला!

त्याची पद्धत साधी होती. आधी सगळं खोलायचं. पार शेवटच्या स्क्रूपर्यंत. गंज कुठवर गेलाय ते डोळ्यांनी बघायचं, मगच पुढचं. गॅरेज भरलं तसं सामान घरात शिरलं. नेरिसच्या जुन्या पलंगावर सीटा झोपल्या, सोफ्यामागे बंपर, न्हाणीघरात हेडलाइट. नटबोल्ट आइस्क्रीमच्या रिकाम्या डब्यांत. एर्वेन जिन्यावर अडखळली की तिच्या तोंडून जे निघायचं ते चॅपलमध्ये ऐकवण्यासारखं नसायचं.

हेडन, म्हणजे खाणीत ग्विलिमबरोबर एकाच पाळीला असलेला त्याचा मित्र, वेल्डिंगला मदत करायचा. तो सारखा बजावायचा, ‘‘लेका, डब्यांवर चिठ्ठ्या लाव. कुठला बोल्ट कुठला, नंतर तुझ्या बापालाही कळायचं नाही.’’

‘‘चिठ्ठ्या तुझ्यासारख्यांना लागतात,’’ ग्विलिम कपाळावर बोट ठेवायचा. ‘‘इथे आहे सगळं.’’

आणि होतंच की तिथे सगळं. डोळे मिटून डब्यात हात घालायचा नि सांगायचा, हा डाव्या दाराचा खालचा बोल्ट. हेडन मुद्दाम भलताच बोल्ट हातात ठेवून फसवायला बघायचा, पण ग्विलिम कधी फसला नाही. पत्रा झाला, रंग झाला, लालभडक सांगाडा गॅरेजमध्ये उभा राहिला. आता फक्त जोडायचं राहिलं होतं.

आणि नेमकं तेव्हाच त्या डोक्यालाच गंज लागला. दुसऱ्या कशाला लागला असता तर खरवडून काढता आला असता.

पहिल्यांदा किटली फ्रिजमध्ये सापडली, तेव्हा दोघं हसली. मग तो दुकानात गेला आणि हात हलवत परत आला, तेव्हा कोणी हसलं नाही. डॉक्टरांनी तपासण्या केल्या, कागदावर घड्याळाचं चित्र काढायला लावलं, आणि बाहेर एर्वेनला हळूच सांगितलं की हे आता वाढत जाणार. गाडी चालवायला बंदी आली. घरी येताना बसमध्ये ग्विलिम खिडकीबाहेर बघत म्हणाला, ‘‘गोल्फ तरी उभी करू. तुला घेऊन बुल्खवर जाईन एकदा.’’

‘‘तू नाही, मी चालवीन,’’ ती म्हणाली.

‘‘मग हेल्मेट घालतो.’’

त्या दिवसापासून एर्वेनचा जीव या एका गोष्टीत अडकला. तो गाडी ओळखतोय, तिला ओळखतोय, तोवर एकदा, फक्त एकदा, त्याला त्या गाडीत बसवून घाट चढायचा. बाकी डॉक्टर म्हणतील ते होऊ दे. देवाकडे तिने फार काही मागितलं नव्हतं.

हेडन दर शनिवारी यायला लागला. दोघांनी मिळून पुढचे ब्रेक बसवले. पुढच्या शनिवारी हेडन बघतो तर ब्रेक डब्यात! स्वच्छ पुसलेले, तेलाचा हात दिलेले. त्याला वाटलं, आपलंच काही चुकलं असेल. परत बसवले, दारं आणि डॅशबोर्डही लावले. पुढच्या शनिवारी दारं भिंतीला टेकून उभी.

हेडनचं डोकं फिरलं. ‘‘माझं काम पसंत नाही तर तोंडाने सांग ना! पाठीमागे खोलून कशाला ठेवतोस?’’

‘‘मी हातसुद्धा लावला नाही,’’ ग्विलिम म्हणाला, आणि त्याच्या चेहऱ्यावर खोटेपणाचा लवलेश नव्हता.

‘‘मग काय मेंढ्या येऊन खोलून गेल्या?’’

दोघे एवढे भांडले की शेजारच्या बाईने खिडकी उघडून बघितलं. हेडन चहा न पिता गेला. त्याने चहा सोडला म्हणजे प्रकरण गंभीर, हे सगळ्या गल्लीला कळलं.

दोन दिवसांनी एर्वेन दुकानातून लवकर सुटली. ती गल्ल्यावर बसायची, आणि त्या दिवशी मशीनच बंद पडलं होतं. गॅरेजचं दार उघडं होतं. आत ग्विलिम शीळ घालत डॅशबोर्ड काढत होता. काम मात्र काय देखणं! हात जराही थरथरत नव्हता. चमच्यात साखर घेताना अर्धी सांडणारा तो हात एकेक स्क्रू असा काढत होता की बघत राहावं.

‘‘ग्विल, हे काय करतोयस?’’

त्याने वळून पाहिलं आणि तोंडभर हसला. ‘‘आलीस? बघ, सुरुवात केली. आधी सगळं खोलायचं, गंज कुठवर गेलाय ते बघायचं, मगच पुढचं. चिडू नकोस. उन्हाळ्यापर्यंत उभी करतो.’’

शब्दन् शब्द तेच. पहिल्या दिवशी ताडपत्री ओढून हेच म्हणाला होता. तो पहिल्याच दिवशी होता. रोज सकाळी उठून तो पहिल्याच दिवशी जात होता. शनिवारी हेडनबरोबर गाडी जोडणार, आणि आठवडाभर हा बिचारा तीच आनंदाने खोलणार. कुणाला रागवायचं? ती तिथेच उलट्या बादलीवर बसली, आणि त्याने दिलेले स्क्रू ओंजळीत धरत राहिली.

हेडनला सांगितलं तेव्हा तो टोपी चुरगाळत राहिला. ‘‘आणि मी त्याला काय काय बोललो,’’ एवढंच म्हणाला. मग नाक शिंकरून म्हणाला, ‘‘तो इथे आहे तोवर ही गाडी उभी राहायची नाही.’’

नेरिस ब्रिस्टलला असते. ती आधीपासून म्हणतच होती, आई, बाबांना थोडे दिवस माझ्याकडे ठेव, तुला जरा श्वास घेऊ दे. एर्वेनने बॅग भरली. निघताना ग्विलिम नेरिसच्या गाडीच्या खिडकीतून सांगत होता, ‘‘गॅरेजला कुलूप लाव. सगळं उघडं पडलंय.’’

मग एर्वेन आणि हेडन कामाला भिडली. डब्यांवर चिठ्ठ्या नाहीत. एकेक बोल्ट लावून बघायचा, बसला तर बसला, नाहीतर पुढचा. हेडन कधी पानाच भिरकावायचा. एर्वेन पलंगाखालून, कपाटामागून तुकडे हुडकून आणायची. नखांत काळं गेलं ते निघेना, दुकानात लोक बघायला लागले. आणि सांगायला लाज वाटते, पण ती त्या दिवसांत सुखात होती. इंजिन पहिल्यांदा धडधडलं तेव्हा ती आणि हेडन गॅरेजात लहान पोरांसारखी नाचली.

नेरिसचा फोन यायचा. ‘‘आई, ते घरी जायचं म्हणतात. सारखं दार उघडायला बघतात. घेऊन येऊ का?’’

‘‘थोडं थांब गं. वायरिंग राहिलंय.’’

पुढच्या वेळी, ‘‘आई, आज मला त्यांनी विचारलं, तुम्ही इथे राहता का म्हणून.’’

एर्वेनने फोन दुसऱ्या कानाला लावला. ‘‘थोडेच दिवस. चाचणी झाली की लगेच.’’

गाडी रस्त्यावर आणण्यासाठीच्या सरकारी चाचणीत ती पहिल्या फटक्यात पास झाली. तपासणाऱ्या पोराने बॉनेट उघडून शीळ वाजवली. हेडनने गॅरेज झाडून पुसून लख्ख केलं, गाडी गल्लीत आणून उभी केली आणि स्वतः धुतलेला शर्ट घालून आला. एर्वेनने केस सेट करून घेतले. हसा, पण तिने घेतले.

नेरिसच्या गाडीतून ग्विलिम उतरला तेव्हा एर्वेनला आधी गाडीचा विसरच पडला. किती वाळला होता! मानेभोवती कॉलर मोठी झाली होती. तिला बघून मात्र त्याचा चेहरा खुलला. ‘‘एर्वेन! कुठे होतीस तू?’’

‘‘इथेच रे. हे बघ.’’

त्याने लाल गाडीकडे पाहिलं. भोवती एक चक्कर मारली, वाकून चाकं बघितली.

‘‘वा,’’ ग्विलिम म्हणाला. ‘‘मस्त ठेवलीय. कुणाची?’’

‘‘तुझीच की लेका!’’

ग्विलिम मित्राच्या विनोदाला हसावं तसं हसला.

एर्वेनने दार उघडून त्याला बसवलं. वर गेलं की आठवेल. घाट लागला की आठवेल. तिने गाडी बुल्खकडे काढली. इंजिनाचा आवाज तोच, वळणं तीच, मेंढ्याही तशाच माजोरड्या. ग्विलिम पाहुण्यासारखा गुडघ्यांवर हात ठेवून बसला होता. ‘‘जपून चालव हं. दुसऱ्याची गाडी, ओरखडा आला तर तोंड काय दाखवायचं?’’

वर व्हॅन होती. तिने दोन आइस्क्रीम आणली, काचा बंद केल्या. समोर अख्खी दरी पसरलेली. त्याने आइस्क्रीम मन लावून संपवलं, हात रुमालाला पुसले, सीटला डाग पडू नये म्हणून. मग तिच्या मांडीवर थोपटत म्हणाला, ‘‘आपलीपण होईल गं अशी. चल, घरी जाऊ. माझं काम तसंच पडलंय.’’

ती स्टिअरिंगवर डोकं ठेवून रडली. तो घाबरून तिची पाठ चोळत राहिला. तिला काय झालंय ते त्याला कळेना.

घरी आल्याबरोबर तो सरळ गॅरेजकडे गेला. दार उघडलं. आत काही नव्हतं. झाडलेली फरशी आणि फळीवर रचलेले रिकामे डबे.

‘‘गाडी?’’ तो म्हणाला. ‘‘माझी गाडी कुठाय?’’

‘‘अरे, ही काय,’’ हेडनने त्याचा दंड धरला. ‘‘हीच ती! नंबर बघ. वाच ना नंबर!’’

‘‘मला वेडा समजतोस?’’ ग्विलिमने हात झिडकारला. ‘‘माझी गाडी खोललेली आहे! सगळे तुकडे इथे होते. मी माझ्या हातांनी खोललीय!’’ त्याने एकेक डबा उलटा केला. ‘‘नेली कुणीतरी. कुलूप लाव म्हणून सांगितलं होतं मी. पोलिसांना फोन कर, एर्वेन!’’ आणि रिकाम्या फरशीवर बसून तो हमसून हमसून रडायला लागला. नेरिस ‘बाबा, बाबा’ करत त्याच्याजवळ बसली, तर तिलाही त्याने ढकललं. गल्लीत दोन दारं उघडली आणि पुन्हा लागली. हेडन भिंतीकडे तोंड करून उभा राहिला.

एर्वेनने हे बघितलं. ती गाडीत बसली आणि गाडी हळूहळू गॅरेजमध्ये आणली. इंजिन बंद केलं.

‘‘हेडन, पाना दे.’’

‘‘कशाला?’’

‘‘दे म्हणते ना.’’

‘‘एर्वेन, नको गं,’’ हेडन म्हणाला. ‘‘आपण किती...’’ पण त्याने पाना दिला.

तिने बॉनेट उघडलं. बिजागरीचा पहिला बोल्ट घट्ट होता. हेडननेच पिळला होता. तिने अंगाचा भार टाकला तेव्हा तो सुटला. बोल्ट तिने खाली वाकून ग्विलिमच्या तळहातावर ठेवला.

‘‘घे. खोलायला घेऊ.’’

ग्विलिमने बोल्टकडे पाहिलं. शर्टाला पुसला, उजेडात धरून फिरवून बघितला. त्याचं रडणं हळूहळू थांबलं. मग गुडघ्यावर हात देऊन तो उठला, तिच्या हातातून पाना घेतला आणि दुसरा बोल्ट धरला.

‘‘तू फार जोर लावतेस,’’ तो म्हणाला. ‘‘सावकाश करावं. आपल्याला काय घाई आहे?’’