चोंबडीने केलेली चुगली

जंतू चिकटणार नाहीत असं प्लास्टिक ती प्रयोगशाळेत शोधत होती; तिच्या काचपट्टीवर शेकडो वेगवेगळ्या प्लास्टिकांचे ठिपके होते. त्यांतल्या एकावर जंतू अजिबात बसले नाहीत, आणि तिने नको तो शहाणपणा केला: घरी जाऊन वडिलांना सांगून टाकलं. त्यांच्या लघवीच्या नळीला जंतू चिकटायचे, ताप चढायचा, नळी बदलायची, पुन्हा तेच. म्हातारा अगदी जेरीस आला होता. "सापडलं, बाबा!" ती म्हणाली. त्या दिवशी ते दोन घास जास्त जेवले.

तेच प्लास्टिक पुन्हा बनवलं, तर त्यावर जंतू खुशाल ठाण मांडून बसले. आता ती चडफडत यंत्रासमोर बसली होती. कुठल्या ठिपक्याच्या पृष्ठभागावर काय आहे, ते हे यंत्र चुटकीसरशी सांगायचं. सगळ्यांची बिंगं फोडायचं, म्हणून प्रयोगशाळेत त्याचं नाव चोंबडी. तिने जुनी पट्टी आत सरकवली. पडद्यावर सिलिकोन उमटलं. तिच्या प्लास्टिकात सिलिकोनचा कणही नव्हता. त्या ठिपक्यावर बोटाच्या टोकाचा डाग होता, आणि जंतू दूर राहिले होते ते त्या डागामुळे.

"कोणी बोट लावलं हे?" ती शेजारच्या सहकाऱ्यावर खेकसली.

"माझ्याकडे काय बघतेस? क्रीमबिम लावून आलं असेल कुणीतरी. हातमोजे चढवताना बाहेरून लागतंच की."

मी कधी क्रीम लावते, असं म्हणायला तिने तोंड उघडलं आणि ते तसंच राहिलं. अंथरुणाला खिळलेल्या बाबांच्या पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून रोज सकाळी ती मलम लावायची. घरी गेल्या गेल्या तिने ट्यूबवरची बारीक अक्षरं वाचली. सिलिकोन होतंच. इतकी मेहनत पाण्यात गेली, आणि राग काढायचा तरी कुणावर? तिने ट्यूब भिंतीवर भिरकावली आणि मग स्वतःच उचलून आणली.

सकाळी ती प्रयोगशाळेतले हातमोजे घालून बाबांजवळ बसली. कुशीवर वळलेल्या बाबांनी मान फिरवून पाहिलं.

"हे काय? आता माझी किळस यायला लागली का?"

"काहीतरीच काय, बाबा! तो ठिपका... खोटा निघाला. माझ्या हाताचं हे मलम लागलं होतं त्याला."

त्यांनी मान पुन्हा भिंतीकडे वळवली. "म्हणजे माझ्याच पाठीने घात केला."

तिला रडू फुटलं. तिने हातमोजे ओरबाडून काढले आणि उघड्या बोटांवर मलम घेतलं.

"अजून किती ठिपके तपासायचे राहिलेत?" त्यांनी विचारलं.

"पुष्कळ."

"मग नीट लाव. तोवर पाठ टिकायला हवी."