यमामाचं दमेकरी इंजिन

बस की रे, चहा संपेपर्यंत तरी. आमची नाव सुकाणूवाचून कशी वळली ते सांगतो, मग जा सुएझ कालव्यापलीकडं पोर्ट फुआदला.

आमची यमामा, कालव्यापार माणसं नेणारी नाव. दोन इंजिनं, दोन पंखे, मागं सुकाणू. मी खाली तेलात, वर कडक इस्त्रीच्या टोपीत रईस हिफ्नी, आमचा कप्तान. तो घंटा वाजवणार, माझ्यापुढच्या तबकडीवर हुकमाचा काटा फिरणार, मी तसं इंजिन चालवणार. मला पाणी दिसत नव्हतं, त्याला इंजिन.

उजवं इंजिन दमेकरी. मी त्याला गुपचूप थोडं डिझेल जास्त पाजायचो, म्हणून नाव सरळ जायची. रईस धक्काभर मिरवायचा, "माझ्या हातात जादू आहे!" म्हटलं, मिरवू दे.

एका सकाळी भर कालव्यात सुकाणूची साखळी तुटली. बोलायच्या नळीतून रईसचा आवाज आला, "बद्रान! मालजहाज येतंय! त्याची वाट ओलांडलीय, पण आपलं नाक त्याच्याकडंच वळतंय!"

काटा फिरला. डावं अर्धं मागं, उजवं अर्धं पुढं. पंखे असे उलटसुलट फिरले की नाव जागच्या जागी वळते. हुकूम बरोबर होता. पण उजवं खोकत बसलं असतं, डाव्यानं आम्हाला मागं ओढलं असतं, थेट जहाजाच्या पुढ्यात. वर दोनशे माणसं. घंटेचा हुकूम मोडला तर नोकरी जाते.

मोडला. डावं मागं नुसतं हलवलं, उजवं पूर्ण पुढं सोडलं. पायाखाली नाव गरकन वळली. मग जहाजाची लाट धाडकन बाजूला आपटली. लाटच. जहाज नाही.

धक्क्याला लागल्यावर रईस शिडीवरून खाली आला. पहिल्यांदाच.

"काटा दिसत नाही का रे तुला, गाढवा?"

"दिसतो, रईस. पण ते उजवं अकरा वर्षं दमेकरी आहे."

"अकरा वर्षं? मग नाव सरळ कोण नेत होतं?"

मी तेलाचे हात पुसत राहिलो. तो डब्यावर मटकन बसला, टोपी काढली. "माझ्या बायकोला सांगू नकोस हं," म्हणाला. मग दोघंही डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसलो.

यमामा केव्हाच भंगारात गेली. माझे गुडघे आता धक्क्याची पायरी चढत नाहीत. तू जातोयस तर मशिदीमागच्या निळ्या दाराशी थांब. जोरात ठोक, रईसला ऐकू कमी येतं. हीच गोष्ट त्याच्या तोंडून ऐक, आणि परत येऊन तो काय काय खोटं बोलला ते मला सांग.