संजीवनी नी म्हात्रे

बदलापूरच्या हेंद्रेपाड्यातले जनू म्हात्रे वारले आणि त्यांच्या शेताला वारस लावायची वेळ आली. वारस दोघंच. मुलगा धर्मेश आणि लग्न होऊन अंबरनाथला गेलेली संजीवनी. "ताई, तुझं नाव आधी," असं धर्मेश स्वतःच म्हणाला होता, त्यामुळे भांडणाचा प्रश्न नव्हता. घोळ घातला तो एका शब्दानं.

उल्हासनगरच्या वकिलानं प्रतिज्ञापत्र इंग्रजीत करून दिलं. तलाठी कार्यालयातल्या कारकुनानं त्यातल्या एका शब्दावर बोट ठेवलं.

"संजीवनी पाटील नी म्हात्रे. हे नी कोण? वडिलांचं नाव तर जनू आहे."

संजीवनी तडक उल्हासनगरला. वकील खुर्चीत रेलून म्हणाले, "नी नहीं मॅडम, ने! फ्रेंच वर्ड है. शादी के पहले का नाम."

"इंग्रजीत त्याला शब्द नाही का?"

"है ना. पर ये अच्छा दिखता है."

"कारकुनाला नाही दिखत! बदला ते."

चार दिवसांनी नवा कागद मिळाला. एमआयडीसीतल्या कंपनीत दुसरी रजा टाकून ती धर्मेशला घेऊन कार्यालयात गेली. शब्द तोच होता, फक्त मधल्या अक्षरावर आता एक तिरकी रेघ आली होती.

"आता तर खाडाखोडपण केलीय," कारकून म्हणाला.

"खाडाखोड नाही हो ती! फ्रेंच आहे!" ती इतक्या जोरात ओरडली की रांगेतली माणसं वळून बघायला लागली. धर्मेशनं तिच्या हातावर हात ठेवला.

तिनं एक श्वास घेतला. "साहेब, मराठीत लिहून आणलं तर चालेल?"

"चालेल की. आमचं सगळं मराठीतच असतं."

"मग इतके दिवस सांगितलं का नाहीत?"

"तुम्ही विचारलंच नाही."

बाहेरच्या बाकावर बसून तिनं स्वतःच्या हातानं लिहिलं: मी, संजीवनी अभिजीत पाटील, माहेरचं नाव संजीवनी जनू म्हात्रे. वकिलाकडे ती फिरकलीच नाही. दुसऱ्याच नोटरीकडून शिक्का मारून घेतला आणि कागद खिडकीतून आत सरकवला. कारकुनानं तो वाचून मान डोलावली.

महिन्याभरानं नोंद झाली. धर्मेशनं उतारा तिच्या हातात दिला. लग्नाला एकोणीस वर्षं झाली होती. इतक्या वर्षांत आपल्या नावापुढे वडिलांचं, अप्पांचं नाव छापलेलं तिनं पाहिलं नव्हतं. ती दारातच उभी राहून वाचत राहिली.

"बरोबर आहे ना, ताई?"

"आहे," ती म्हणाली. "पण आता यातलं एक अक्षरसुद्धा कोणी बदलायचं नाही."