वडिलांच्या इंजिनाचा दम

कारखान्यातल्या टर्नरने इंजिनाच्या पंख्याचं पातं बोटाने हलकेच फिरवलं. पिस्टन वर पोचताच बोटाला असा काही धक्का बसला, की गडी स्वतःशीच हसला. "काय दम आलाय बघ!" तो बायकोला म्हणाला.

"माझ्या ओव्हनचा वास गेला का, ते बघा आधी," ती म्हणाली. गुडघ्यांनी हैराण झालेली बाई, पण तोंड शाबूत.

छोट्या हौशी विमानाचं ते इंजीन, मुठीत मावेल एवढं. वडिलांचं. फिरून फिरून आतून पार झिजलेलं. गार असताना बरं चाले, तापलं की धाप लागून दोन घिरट्यांत बंद. नवा पिस्टन आणणार कुठून? टर्नरने जुनाच ओव्हनमध्ये पुन्हा पुन्हा तापवला, गार केला. पिस्टन बिडाचा, म्हणजे ओतीव लोखंडाचा; ते असं केल्यानं केसभर फुगतं. मग घासायची बारीक पेस्ट लावून तो सिलिंडरमध्ये हाताने घासत बसला. जेवणाची शुद्ध नाही. जन्मभर लेथवर उभा राहिलेला माणूस, हट्टाला पेटला म्हणजे पेटला.

"दादा, रविवारी उडवायचंच!" धाकटा भाऊ म्हणाला.

विमानही वडिलांच्याच हातचं. त्याच्या पोटातून दोन लांब पोलादी तारा निघतात, उडवणारा मध्ये उभा राहून त्यांच्या टोकाची मूठ धरतो आणि विमान त्याच्याभोवती गरगर फिरतं. इंजीन बसवताना टर्नरला तारा जिथे अडकवतात ती आतली फळी काळपट दिसली. वर्षानुवर्षं तेल प्यायलेली. नख लावलं तर नख रुतलं. मनात पाल चुकचुकली. पण फळी बदलायची म्हणजे विमानाचं पोट फाडायचं, आणि वडिलांनी रंगवलेल्या त्या कापडावर कात्री चालवायला त्याचा हात धजेना. थोडा गोंद भरला आणि गप्प बसला.

उडवण्याआधी ओढ बघायची त्यांच्यात रीत होती. एकाने विमान घट्ट धरायचं, दुसऱ्याने मूठ जीव खाऊन ओढायची. काय तुटायचं ते जमिनीवरच तुटू दे. मैदानात धाकट्याने ओढलं. टर्नरच्या हातात आत काहीतरी करकरलं, आणि या शहाण्याने काय करावं? फळीला ताण नको म्हणून हात सैल सोडले आणि ओढीबरोबर हळूच पुढे सरकला.

"पक्कं आहे ना?" धाकट्याने लांबून विचारलं.

"पक्कं!"

टाकी त्याने वडिलांच्या सवयीप्रमाणे काठोकाठ भरली होती.

विमान सुटलं. पहिली घिरटी, दुसरी. इथे इंजिनाला धाप लागायची. लागली नाही. उलट तापलं तसं जास्तच ओरडायला लागलं. धाकटा मागे रेलून दोन्ही हातांनी मूठ आवळून होता. एवढी ओढ त्याला ठाऊकच नव्हती. तो हसत होता.

टर्नरने विमानाच्या पोटाकडे पाहिलं. टाकी संपेपर्यंत हे आता थांबणार नव्हतं, आणि मूठ सोडणं म्हणजे विमान मोकाट सोडणं. तारांपाशी कापड फाटलं होतं, काळी फळी बाहेर डोकावत होती. आणि रिंगणाबाहेर घडीच्या खुर्चीत बसून त्याची बायको टाळ्या वाजवत होती.

तो धावत सुटला. "ऊठ! अगं, ऊठ लवकर!"

"अहो, झालं काय? छान तर चाललंय!" ती खुर्चीवर जोर देऊन उठायला लागली. गुडघे ऐकेनात. त्याने दंड धरला. "ओढू नका ना, दुखतं!"

"मी ओढूच दिलं नाही गं त्याला," तो म्हणाला.

"काय बोलताय तुम्ही?"

मागे इंजिनाचा आवाज एकदम मोकळा झाला. धाकटा किंचाळला. टर्नरने वळून पाहिलं नाही. खुर्चीपुढे गुडघे टेकून त्याने तिचं डोकं छातीशी घेतलं आणि पाठ होईल तेवढी रुंद केली. आवाज जवळ येत होता, जरासुद्धा न दमता.