खडक हाय म्हणून सांगा

माळेवाडीत ऊन डोक्यावर आलं की हातपंपाचा आवाज बंद व्हायचा. सकाळी ज्या पंपापुढे घागरींची रांग आणि बायकांची भांडणं सरत नसत, तिथे दुपारी चिटपाखरू फिरकत नसे. पंपाच्या दांड्याला कुणीतरी काळी बाहुली आणि लिंबू-मिरच्या बांधल्या होत्या. साल सत्त्याऐंशीचं. तेरणेच्या पात्रात वाळूशिवाय काही उरलं नव्हतं, आणि असल्या उन्हाळ्यात गावाने आपल्या एकुलत्या एका पंपाची सबंध दुपार एका हडळीला देऊन टाकली होती.

हडळ म्हणजे अयोध्या. बौद्धवाड्यातल्या केशरबाईची सून. शिमग्याच्या सुमारास ती नदीतल्या जुन्या विहिरीत पडून गेली, पोटातल्या लेकरासकट. गरवार बाई अशी गेली म्हणजे तिची हडळ होणारच, आणि ती दुपारी पंपावर येऊन बसणारच, असं गावाने परस्पर ठरवून टाकलं. जिवंतपणी जिला त्या पंपाला हात लावू दिला नाही, ती मेल्यावर नेमकी तिथेच कशाला येऊन बसेल, एवढा साधा विचार कुणाच्या डोक्यात आला नाही. गावाची अक्कल अशा वेळी बरोबर सुट्टीवर जाते.

पंपाच्या समोरच महांतप्पांचं घर. महांतप्पा गावच्या सोसायटीचे चेअरमन. त्यांच्या ओसरीवर जे ठरेल ते गावाचं म्हणणं. त्यांची बायको शांतम्मा चुलीपुढे भाकरी थापत होती. चुलीपासून दारातून सरळ पंप दिसे, आणि गेले कित्येक दिवस शांतम्माची नजर पंपाच्या पलीकडच्या कडुलिंबाच्या झाडाकडेही जाऊ लागली होती. त्या झाडाखाली अयोध्या उभी असे. केस मोकळे नाहीत, पाय उलटे नाहीत. तेच ठिगळाचं हिरवं लुगडं, कमरेवर तीच कळशी. बौद्धवाड्यातल्या बायकांनी जिथे थांबायचं असा गावाचा रिवाज होता, अगदी तिथेच. दांडा कुणीतरी गावातल्या बाईने मारायचा आणि धार लांबून त्यांच्या कळशीत सोडायची, याला गावात ‘पाणी वाढणं’ म्हणत. मेल्यावरसुद्धा ती पंपाला शिवत नव्हती. ती फक्त वाट बघत होती, आणि शांतम्माला भीती वाटे ती नेमकी याचीच.

हा पंप तिथे कसा आला, ते सांगायला हवं. मागच्या हिवाळ्यात सरकारी जीप आली. तिच्यातून उत्तरेश्वर गव्हाणे नावाचे तरुण साहेब उतरले. त्यांनी रानात ठिकठिकाणी लोखंडी खुंट्या ठोकल्या, तारा जोडल्या आणि एका पेटीतून जमिनीत वीज सोडली. पेटीवरचा काटा हलला की ते काहीतरी टिपून घेत. गावाला हसू आवरेना. ओसरीवर चहा घेताना गव्हाण्यांनी समजावून सांगितलं. ही पेटी जमिनीचं पोट चाचपते. त्यात आभाळातून घेतलेले फोटो, जुन्या विहिरींची माहिती, माती, दगड असं सगळं मिसळून धाराशिवला एका थंडगार खोलीतल्या संगणकाला द्यायचं. मग तो विचार करून सांगतो, पाणी कुठं लागेल.

“म्हंजे त्यो ठरवनार?” महांतप्पांनी विचारलं.

“नाही, तो नुसतं सुचवतो. ठरवायचं तुम्ही.”

संगणकाने दोन जागा सुचवल्या. पहिली केशरबाईच्या अंगणाला लागून, ओढ्याच्या अंगाला. तिथे भरपूर पाणी. दुसरी देवळापुढे, तिथे बेताचं. निरोप आला तेव्हा ओसरीवर तो दोनदा वाचला गेला. मग महांतप्पांचा भाऊबंद गुंडप्पा म्हणाला, “तितं बोर पाडली तर आपल्या बायांनी त्यांच्या दारात जायाचं व्हय पान्याला?” तेवढ्यावर ठरलं. बोअर पाडणारी रिग आली ती देवळापुढे उभी राहिली.

गावाला मात्र महांतप्पांनी सांगितलं, “यंत्राचा कौल देवळापुढं लागला.”

‘कौल’ हा शब्द त्यांनी बेतून वापरला की तो आपसूक तोंडातून गेला, देव जाणे. पण त्या एका शब्दाने काम फत्ते केलं. देवाच्या अंगावरचं फूल उजवीकडे पडलं की डावीकडे, यावर लग्नं जुळतात आणि मोडतात. कौलाशी कुणी वाद घालत नाही. धाराशिवच्या त्या बिचाऱ्या यंत्राने नुसता सल्ला दिला होता, गावाने त्याला शेंदूर फासून मोकळं केलं. बौद्धवाड्यातल्या माणसांनीही मान खाली घातली. यंत्राला जात नसते, मग त्याच्यावर रागवायचं कसं?

खरं काय ते ओसरीवरच्या माणसांना ठाऊक होतं, आणि दाराआड उभ्या असलेल्या शांतम्माला.

अयोध्या गेली त्या दुपारी शांतम्मा पूजेला बसली होती. डाव्या तळहातावर इष्टलिंग, कपाळाला विभूती. बाहेरून हाक आली, “पानी वाढा व माय! हाय का कुनी?” आवाज तिने ओळखला. पोरीचे दिवस भरत आले होते. शांतम्मा उठायला लागली, तसे ओसरीवरून महांतप्पा म्हणाले, “बस. पूजा अर्धी टाकून उठत्यात व्हय? येईल दुसरं कुनीतरी.”

ती बसली. जातीभेद न मानणाऱ्या बसवण्णांचं नाव घेतल्याशिवाय ज्या घरात कुणी अन्नाला शिवत नाही, तिथे हातातला देव क्षणभर खाली ठेवून एका गरवार बाईला पाणी द्यावं की नाही हा प्रश्न पडावा, याची लाज कुणाला वाटायची? हाक पुन्हा आली. मग आणखी एकदा, जरा दमलेली. मग थांबली. हाक थांबली तेव्हा शांतम्माला हायसं वाटलं होतं. पुढे तिला सगळ्याची क्षमा मागता आली असती, पण त्या हायसं वाटण्याची क्षमा ती कुणापाशी मागणार?

अयोध्या तिथून नदीतल्या विहिरीकडे गेली. तळाला गढूळ पाणी होतं, पायऱ्या ढासळलेल्या. भरली कळशी घेऊन वर येताना पाय सरकला. माणसांनी वर काढलं तोवर सगळं संपलं होतं.

त्यानंतरही केशरबाई रोज सकाळी पंपावर येत असे, लिंबाखाली उभी राहत असे, पाणी घेऊन जात असे. शांतम्माला ती एका शब्दाने बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

तर त्या दिवशी भाकरी तव्यावर असतानाच जीपचा आवाज आला. गव्हाणे साहेब पुन्हा आले होते. या उन्हाळ्यात गावाला आणखी एकच बोअर मिळणार होती, आणि ती कुठे घ्यायची ते संगणक नव्याने सांगणार होता. ओसरीवर माणसं जमली. बौद्धवाड्यातून केशरबाई आणि दोन-चार बायका आल्या, त्या अंगणाच्या कडेला उन्हातच थांबल्या. शांतम्मा पाण्याचा तांब्या घेऊन दाराआड आली.

“एक राहिलंय,” गव्हाणे म्हणाले, “मागच्या वेळी पहिली जागा तुम्ही घेतली नाहीत. का घेतली नाही?”

महांतप्पांनी गुंडप्पाकडे पाहिलं. गुंडप्पा तयारच होता. “खडक हाय साहेब. रिगवाल्यानं बगितलं, अखंड काळा खडक. म्हनून इकडं आनली.”

“खडक?” गव्हाण्यांना खरोखर वाईट वाटलेलं दिसलं. “यंत्राचा अंदाज चुकला म्हणायचा. मग हे त्याला कळवलं पाहिजे. आपण जे सांगू त्यावरून तो शिकत जातो. एकदा खडक सांगितला की ओढ्याच्या त्या अंगाची सगळी जमीन तो कोरडी धरेल. पुन्हा तिकडचं नाव काढणार नाही.”

“कदीच न्हाय?” अंगणातून केशरबाईने विचारलं.

“नाही काढणार.”

“पर साहेब, आमच्या अंगनात मशीन आलंच न्हाय! कुनी खडक बगितला?”

“तू गप ग!” गुंडप्पा ओरडला. “तुला काय कळतंय त्यातलं?”

गव्हाणे गोंधळून महांतप्पांकडे वळले. “चेअरमनसाहेब, तुम्ही सांगा. तुम्ही म्हणाल ते मी धरतो.”

महांतप्पा वाईट माणूस नव्हते, हे सांगायलाच हवं. घरच्या गड्याला ताप आला तर स्वतः बैलगाडी जुंपणारा माणूस. पण भाऊबंदांसमोर ओसरीवर बसलेला माणूस निराळा असतो. ते म्हणाले, “खडक हाय म्हनून सांगा.”

शांतम्माने दारातून पंपाकडे पाहिलं. लिंबाखाली अयोध्या उभी होती. आत्तापर्यंत ती एकटी असे. आता तिच्या मागे आणखी बायका दिसल्या, कळश्या घेतलेल्या, अजून जन्माला यायच्या असलेल्या पोरीसुद्धा, आणि सगळ्या वाट बघत होत्या. कारण यापुढे त्यांना पाणी नाकारायला माणसाचीसुद्धा गरज नव्हती. धाराशिवच्या थंडगार खोलीतून ते आपोआप नाकारलं जाणार होतं.

“अय्यो शिवा!” तिच्या तोंडून निघालं, आणि त्या घरात लग्न होऊन आल्यापासून पहिल्यांदाच ती परक्या माणसांसमोर ओसरीवर आली.

“साहेब, खडक न्हाय तितं. रिग तिकडं गेलीच न्हाय.”

“शांते! आत हो!” महांतप्पा उठले.

“व्हते. सांगून व्हते.” ती आणखी पुढे आली. “तिकडं पानी हाय हे हितं बसलेल्या समद्यांला म्हाईत हाय. त्यांच्या दारात आमी पान्याला जायाचं न्हाय, म्हनून बोर हितं पाडली. अयोध्यानं हाका मारल्या तवा मी घरात व्हते. म्या ऐकल्या आन् उठले न्हाय. हडळ बिडळ काय न्हाय साहेब. आमी मारली तिला. आता यंत्राच्या नावावर नका घालू.”

गव्हाण्यांच्या हातातलं पेन तसंच राहिलं. ते म्हणाले, “वहिनी, संगणकाला खडक कळतो, मुरूम कळतो, माती कळते. त्या प्रत्येकाला आम्ही एक आकडा दिलाय. पण तुम्ही सांगताय त्याला त्याच्याकडं आकडाच नाही.”

“मग नवा घाला. न्हायतर ते बी आमच्यासारखंच व्हईल. जात पोटात ठिवंल आन् तोंडानं खडक म्हनत बसंल.”

ती ओसरी उतरून पंपापाशी गेली, बाहुली ओढून फेकून दिली आणि केशरबाईकडे वळली. “या. दांडा तुमी धरा. बगू कोन काय करतंय.”

केशरबाई जागची हलली नाही. तिने शांतम्माला नीट बघून घेतलं. “त्या दिशी बी तुमी घरातच व्हता, हे मला म्हाईत व्हतं, अक्का. तुमच्या घरातला उदबत्तीचा वास तिला यायचा, इतकं जवळ व्हती ती.” शांतम्माने मान खाली घातली. केशरबाई पुढे म्हणाली, “ह्यो दांडा राहू द्या तुमच्यापाशी. साहेबाला खरं सांगितलंत, तेवढं मोडू नका. आमचं पानी आमच्या अंगनात हाय.”

पुढे केशरबाईच्या अंगणाला लागून बोअर झाली, पाणी लागलं आणि ते उन्हाळाभर पुरलं. महांतप्पा बायकोशी कितीतरी दिवस बोलले नाहीत. आणि शांतम्माला लिंबाखालची अयोध्या दिसायची ती दिसतच राहिली. खरं बोलल्याने मेलेलं माणूस उठून घरी जात नाही.

पण त्या दुपारची एक गोष्ट सांगायची राहिली. गव्हाणे जीपपाशी गेले, दार उघडलं आणि तसेच उभे राहिले. चेहरा पांढराफटक पडला होता. शांतम्मा अजून पंपापाशीच होती. तिला वाटलं ऊन लागलं. तिने तांब्यातलं पाणी पुढे केलं, पण त्यांनी घेतलं नाही.

“वहिनी,” ते म्हणाले, “वर्षभर मी गावोगाव हिंडतोय. पहिली जागा का नाही घेतली म्हणून विचारलं की जागोजाग एकच उत्तर मिळालं. खडक. मी ते खरं मानलं आणि संगणकाला घातलं.”

शांतम्माने विचारलं, “तिथलं कोन सांगनार साहेब?”

वाचकहो, त्या गावांतलं एखादं तुमचंही असेल, आणि ओसरीवर काय बोलणं झालं ते तुम्ही आतून ऐकलेलं असेल.